दिवाळीच्या प्रेमकथेतील चुका कशा टाळाव्यात: ठाण्यात लघुपट करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सणाच्या सुट्टीत घडणारी प्रेमकथा करायला सोपी वाटते. दोन तरुण माणसे, पाच-सहा दिवस, रोषणाई, फराळ, मध्येच एक गैरसमज आणि भाऊबीजेपर्यंत त्याचा उलगडा, एवढ्या सामग्रीवर अर्ध्या तासाचा लघुपट सहज उभा राहतो. मात्र चुका पकडल्या जाण्याची शक्यताही याच प्रकारात सर्वाधिक असते. एरवी पडद्यावर मंगळवार आहे की गुरुवार, याचा प्रेक्षक विचार करीत नाही. दिवाळीत कोणत्या दिवशी काय करतात, हे मात्र घरातल्या लहान मुलालाही तोंडपाठ असते. कथेचे घड्याळ सणाच्या हाती असते आणि ते घड्याळ प्रेक्षकाच्या घरीही असते. म्हणून या लेखात एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी सांगायची आहे. अशा चित्रपटातील बहुतेक चुका कॅमेऱ्यासमोर होत नाहीत. कथेचे वर्ष आणि तिथी आधी पक्की न केल्यामुळे त्या कागदावरच जन्माला येतात.

चुका दोन जातींच्या असतात. पहिली तपशिलाची चूक: पडद्यावर दाखवलेली गोष्ट त्या दिवशी, त्या ठिकाणी किंवा त्या वर्षी असूच शकत नव्हती. दुसरी सलगतेची चूक, जिला सेटवर सगळे कंटिन्युटीचा घोळ म्हणतात: एका शॉटमध्ये असलेली गोष्ट पुढच्या शॉटमध्ये बदललेली असते. पहिली अभ्यासाने टळते, दुसरी शिस्तीने. दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच असते, म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे.

उदाहरणासाठी एक कथा धरू. नवी मुंबईतल्या नेरूळला राहणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या आजोळी येते. राम मारुती रस्त्याजवळ आकाशकंदिलांचा स्टॉल लावणाऱ्या मुलाशी तिची ओळख होते. वर्ष २०१६.

वर्ष आणि तिथी आधी ठरवा

‘साधारण सात-आठ वर्षांपूर्वी’ एवढे म्हणून पटकथा लिहायला बसू नये. वर्ष लिहून ठेवावे, त्या वर्षाची दिनदर्शिका मिळवावी आणि प्रत्येक दृश्यासमोर तारीख, वार व तिथी मांडावी. २०१६ साली नरकचतुर्दशी शनिवारी २९ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ३० ऑक्टोबरला, पाडवा सोमवारी आणि भाऊबीज मंगळवारी १ नोव्हेंबरला होती. एवढ्या चार नोंदींवरून कितीतरी प्रश्न सुटतात. मामा शनिवारी घरी असेल का, बँक उघडी असेल का, लोकलला गर्दी किती दाखवायची, हे वार कळला की आपोआप ठरते.

त्यानंतर चंद्राकडे वळावे, कारण प्रेमकथा लिहिणाऱ्याला चांदण्याचा मोह आवरत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. त्या रात्री गच्चीवर उभ्या असलेल्या नायिकेच्या चेहऱ्यावर चांदणे पाडले, तर तो दोष कितीही सुंदर प्रकाशयोजनेने झाकला जात नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे सूर्योदयाच्या थोडे आधी पूर्वेला अगदी बारीक कोर दिसू शकते, तर भाऊबीजेच्या संध्याकाळी ती पश्चिमेला क्षितिजाजवळ, थोडाच वेळ दिसते. पूर्ण चंद्र हवाच असेल, तर कथा पंधरवडाभर मागे नेऊन कोजागिरीला सुरू करावी किंवा पुढे नेऊन त्रिपुरी पौर्णिमेला संपवावी. आपल्या कथेत मात्र हा दुसरा पर्याय जपून वापरावा लागेल. २०१६ ची त्रिपुरी पौर्णिमा १४ नोव्हेंबरला होती. त्या रात्रीचा चंद्र १९४८ नंतर पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलेला पूर्ण चंद्र होता, म्हणजे दृश्य भव्य होईल यात शंका नाही. पण तोपर्यंत ८ नोव्हेंबरची नोटाबंदी होऊन गेलेली होती आणि एटीएमसमोर रांगा लागलेल्या होत्या. चंद्र घेतला की रांगाही घ्याव्या लागतात. लेखकाला ते झेपणार असेल तर कथा समृद्ध होईल. नसेल तर काळोख्या अमावास्येत पणत्यांचा उजेड पुरेसा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक देखणा आहे.

विधींच्या बाबतीत एक चूक अशी आहे की तिने अख्खी प्रेमकथा कोसळते. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला. ओवाळणीचे ताट सुंदर दिसते म्हणून नायिकेने नायकाला ओवाळण्याचे दृश्य भाऊबीजेच्या तारखेवर ठेवले, तर चित्रपटगृहात काय होईल हे सांगायला नको. तसेच धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यमदीपदानाच्या दिव्याची वात दक्षिणेकडे करतात. बाल्कनीत दिवा लावणाऱ्या आजीच्या उजव्या हाताला मावळतीचा उजेड असला पाहिजे, कारण दक्षिणेकडे तोंड केले की पश्चिम उजवीकडे येते. ज्या दिशेला वात केली आहे, त्याच दिशेला मागच्या शॉटमध्ये सूर्य बुडताना दाखवला असेल, तर एकाच चुकीत विधीही गेला आणि दिशाही.

त्या वर्षाची वस्तुयादी

वर्ष ठरले की त्या वर्षी काय होते यापेक्षा काय नव्हते, याची यादी आधी करावी. आजचे ठाणे कॅमेऱ्यात सहज शिरते आणि ते बाहेर ठेवणे हेच मोठे काम असते.

पैशांपासून सुरुवात करू. दिवाळी २०१६ मध्ये दोन हजारांची नोट नव्हती. ती नोटाबंदीनंतर आली. लाल किल्ल्याचे चित्र असलेली करड्या रंगाची पाचशेची नोटही नव्हती. दोनशेची नोट २०१७ मध्ये आली, तर जांभळट शंभराची २०१८ मध्ये. कंदील विकत घेण्याच्या दृश्यात यांपैकी काहीही हातात दिसता कामा नये. जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा गोळा करण्याच्या फंदातही पडू नये, कारण त्या दहापेक्षा जास्त बाळगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्यवहार शंभराच्या जुन्या निळसर नोटांत दाखवावा. त्या आजही चलनात आहेत आणि त्या काळाशीही जुळतात. स्टॉलवर क्यूआर कोडचा फलक नसावा. यूपीआय त्या वर्षी नुकतेच सुरू झाले होते, पण रस्त्यावरच्या कंदीलवाल्याकडे ते पोचायला अजून वेळ होता. मिठाईच्या दुकानाचे बिल जवळून दाखवायचे असेल, तर त्यावर जीएसटी छापलेला नसावा, कारण तो १ जुलै २०१७ पासून लागू झाला. पातळ प्लॅस्टिकची पिशवी मात्र खुशाल दाखवावी. राज्यातील प्लॅस्टिकबंदी २०१८ ची आहे.

मोबाइल हा प्रेमकथेतला तिसरा पात्र असतो आणि चुकाही तोच सर्वाधिक घडवून आणतो. परदेशातल्या भावाशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून भाऊबीज साजरी करण्याचे दृश्य पटकथेत हमखास येते; परंतु ती सोय नोव्हेंबर २०१६ च्या मध्यावर सुरू झाली, म्हणजे त्या वर्षीची भाऊबीज होऊन गेल्यावर. तिथे स्काइप वापरावे. ‘पाठवून काढून टाकलेला संदेश’ हा गैरसमजाचा लाडका आधार आहे, पण दोघांच्याही फोनवरून संदेश पुसण्याची सोय २०१७ च्या उत्तरार्धात आली. कथेचा कणाच अशा सोयीवर उभा असेल, तर फोन बदलून भागत नाही, वर्षच बदलावे लागते. म्हणून ही तपासणी पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावरच करावी.

आता रेल्वे. ठाणेकर आणि नवी मुंबईकर प्रेक्षक रेल्वेच्या चुका कधीही माफ करीत नाहीत. नेरूळहून येणारी गाडी ठाण्यात नऊ किंवा दहा क्रमांकाच्या फलाटावर लागते. नायिकेला दोन नंबरवर उतरवू नये. नेरूळहून जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली अशी गाडी येते, त्यामुळे प्रवासात वाशीचा खाडीपूल दाखवण्याचे कारण नाही. तो पूल मानखुर्द आणि वाशीच्या मध्ये आहे. दिघा गाव हे स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. डब्यातल्या दारावरचा आजचा स्थानकनकाशा किंवा आजची ध्वनिमुद्रित उद्घोषणा २०१६ च्या दृश्यात गेली की दिघा गाव पडद्यावर आलेच. वातानुकूलित लोकल नको. मुंबईत ती प्रथम २५ डिसेंबर २०१७ ला धावली. फलाटावरच्या इंडिकेटरवर मुंबईकडे जाणारी गाडी दिसत असेल, तर मुंबईच्या टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ हा शब्द २०१७ मध्ये जोडला गेला, हेही ध्यानात ठेवावे. संवादांतली एक चूक तर वारंवार ऐकू येते. देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याहून सुटली, असे नायक अभिमानाने सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून सुटली आणि ठाण्याला आली. अभिमान तसाच ठेवावा, वाक्य दुरुस्त करावे.

रस्त्यांवर मेट्रोचे खांब ही मोठी अडचण आहे. घोडबंदर रस्ता आणि तीन हात नाक्याच्या परिसरात आज कॅमेरा कुठेही लावला तरी खांब चौकटीत येतात आणि २०१६ मध्ये ते नव्हते. म्हणून त्या काळची दृश्ये नौपाड्याच्या आतल्या गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या आवारात किंवा तलावपाळीवर घ्यावीत. गाड्यांचे क्रमांक एमएच ०४ ठाण्याचे आणि एमएच ४३ नवी मुंबईचे, एवढे बहुतेकांना माहीत असते. निसटते ते पाटीचे रूप. उंचावलेल्या अक्षरांची उच्च सुरक्षा पाटी नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली आणि आता जुन्या गाड्यांनाही बसवली जात आहे. सार्वजनिक रस्त्यावर खोटी पाटी लावणे बेकायदा आहे, त्यामुळे पाटी चौकटीबाहेर ठेवणे हाच योग्य उपाय. उलट, कथा २०२४ च्या दिवाळीची असेल, तर मुलुंडच्या नाक्यावर मोटारीचा टोल भरताना दाखवू नये. हलक्या वाहनांची टोलमाफी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर लागू झाली होती. आणखी एक धोका शुभेच्छांच्या फलकांचा. ठाण्यात दिवाळीला चौकाचौकांत फलक लागतात आणि त्यांवर वर्ष ठळक छापलेले असते. खऱ्या दिवाळीत गर्दीचे चित्रण करून ठेवणार असाल, तर प्रत्येक शॉट थांबवून फलक वाचावेत.

ऋतू आणि दिशा

कमी खर्चाचे पथक कलाकारांच्या तारखांप्रमाणे एप्रिलमध्ये दिवाळी चित्रित करते. यात गैर काही नाही, परंतु झाडांना ते कळत नाही. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर फुललेले असतात, फळवाल्याकडे आंबे असतात आणि येऊरचे डोंगर तपकिरी पडलेले असतात. दिवाळीच्या सुमारास डोंगर अजून हिरवे असतात आणि सप्तपर्णीला फुलांचे झुबके येतात. पूर्व द्रुतगती महामार्गाकडेची गुलाबी फुलांची झाडे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये बहरतात. ती मागे दिसली की महिना उघड होतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे थवेही हिवाळ्यात वाढत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी नौकाविहारात सगळी खाडी गुलाबी दाखवणे चूक ठरेल.

दिशांबद्दल एकच सूत्र लक्षात ठेवावे: ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि पूर्वेला खाडी व तिच्यापलीकडे पारसिकचा डोंगर. उपवन तलावाकाठी उभे राहून येऊरच्या मागून सूर्योदय दाखवता येत नाही; तिथे सूर्य मावळतो, तोही डोंगराआड लवकर जातो. ऑक्टोबरच्या अखेरीस ठाण्यात साडेसहा वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. अभ्यंगस्नान आटोपून राम मारुती रस्त्यावर दिवाळी पहाटेला जमलेली मुलेमुली दाखवायची असतील, तर पहिल्या काही दृश्यांत झुंजूमुंजू असले पाहिजे आणि न्हालेल्या केसांत ओल असली पाहिजे. आठ वाजताच्या दृश्यात ते केस कोरडे झालेले असावेत. पायी चालत तलावपाळीहून राम मारुती रस्त्यावर पोचणे शक्य आहे. बोलता बोलता येऊरला पोचणे शक्य नाही. परगावच्या प्रेक्षकाला हे कळणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो मला पटत नाही, कारण ज्या गावाच्या नावावर कथा विकायची, त्या गावाचा मान राखणे हे कामाचाच भाग आहे.

दिवसवार फोड

आता शिस्तीकडे येऊ. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. मामाच्या घरातली सगळी दृश्ये एकाच दिवशी उरकली जातात, मग ती धनत्रयोदशीची असोत की भाऊबीजेची. त्यासाठी पटकथेची दिवसवार फोड करावी. कथेतल्या प्रत्येक दिवसाला क्रमांक द्यावा: वसुबारस पहिला, धनत्रयोदशी दुसरा, असे करत भाऊबीजेपर्यंत. प्रत्येक दृश्याच्या ओळीत कथेतला दिवस, वेळ, पात्रांचे कपडे, केस, दागिने, हातातली वस्तू आणि आधीच्या दृश्याच्या शेवटी ती कुठल्या अवस्थेत होती, हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. नायिका रागाने दार आपटून बाहेर पडली तेव्हा पिशवी कोणत्या खांद्यावर होती, हे जिन्यातल्या दृश्यासाठी लागते, आणि जिना कदाचित दुसऱ्याच इमारतीत, तीन आठवड्यांनी चित्रित होणार असतो.

कपड्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक चेंजची पूर्ण यादी करावी, टिकलीच्या आकारापर्यंत. मेंदी दाखवणार असाल तर तिच्या रंगाची वेळ सांभाळावी. काढल्यावर ती नारिंगी दिसते, दीड-दोन दिवसांत गडद होते आणि मग आठवडा-दोन आठवड्यांत फिकी पडते. चित्रीकरण विस्कळीत तारखांना असेल, तर नक्षीचा छाप काढून ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्यावरूनच नव्याने रंगवावी. तेवढी तयारी नसेल तर मेंदीच टाळावी. तिच्यावाचून कथेचे काही अडत नाही.

जळणाऱ्या, संपणाऱ्या आणि वाढणाऱ्या वस्तू

दिवाळीचे खरे आव्हान इथे आहे, म्हणून या भागावर जास्त वेळ द्यावा. इतर चित्रपटांत एखादी मेणबत्ती असते. दिवाळीत मात्र चौकटीतली निम्मी सामग्री आपले रूप सतत बदलत असते.

पणतीचेच पाहा. कोरी पणती तेल पिते आणि तासाभरात तिचा भाजलेला तांबडा रंग बाहेरून काळपट, ओलसर होत जातो. एकदा तेल प्यायलेली पणती पुन्हा कोरी दिसत नाही, कितीही पुसली तरी. त्यामुळे मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण दृश्य सलग घेतलेल्या शॉटमध्ये, काळपट झालेल्या पणत्या आणि नंतर घेतलेल्या क्लोजअपमध्ये नव्या, तांबड्या पणत्या, हा घोळ फार वेळा दिसतो. उपाय सोपा आहे. सगळ्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून घ्याव्यात, प्रत्येकीच्या तळाला क्रमांक लिहावा आणि जमिनीवर तिच्या जागी तोच क्रमांक खडूने लिहून ठेवावा. वातींचे तीन संच करावेत: नुकत्याच पेटवलेल्या, निम्म्या जळलेल्या आणि काजळी धरलेल्या. तेलाची पातळी प्रत्येक टेकआधी, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेताना दर वेळी, एकाच व्यक्तीने भरावी. दोघांनी भरली की पातळी दोन प्रकारची होते.

रांगोळी शक्य असेल तिथे जमिनीवर न काढता गेरू दिलेल्या फळीवर काढावी. पायाने पुसली गेली, वाऱ्याने विस्कटली, तर फळी बदलता येते. तरीही अगदी वरून, चारही कोपरे दिसतील असा फोटो घ्यावा, ठिपके मोजून लिहावेत आणि रंगांच्या डब्यांवर रांगोळीचा क्रमांक टाकून ते बाजूला ठेवावेत, कारण बाजारातला ‘तोच’ गुलाबी दुसऱ्या दिवशी वेगळा निघतो.

फराळाबाबत दिग्दर्शकाशी आधीच बोलून घ्यावे. नायकाने करंजी खात संवाद म्हणायचा असेल, तर प्रत्येक टेकला नवी करंजी लागते आणि प्रत्येक घास त्याच शब्दावर, तेवढाच मोठा असावा लागतो. अर्धी करंजी लपत नाही. आतले सारण किती दिसते यावरून टेक उघडे पडतात. मास्टरमध्ये पात्राने पदार्थ हातात धरावा आणि घास फक्त एका ठरलेल्या वाक्यानंतर घ्यावा, हे सर्वांत सुरक्षित. ताटातल्या चकल्या मोजून लिहून ठेवाव्यात. पथकातली मंडळी येता-जाता त्या उचलतात, हे गृहीत धरून सेटवरचा फराळ आणि खाण्याचा फराळ वेगवेगळ्या डब्यांत असावा आणि सेटच्या डब्यावर तसे लिहिलेले असावे.

मुलांचा मातीचा किल्ला आवारात दाखवणार असाल, तर त्यावर पेरलेले अळीव हे तुमच्या चित्रपटातले सर्वांत अचूक कॅलेंडर आहे. दोन-तीन दिवसांत अंकुर फुटतात आणि आठवड्याच्या आत बोटभर हिरवळ उभी राहते. धनत्रयोदशीला दाट हिरवा दिसणारा किल्ला भाऊबीजेला पुन्हा मातकट दिसला, तर दृश्ये उलट्या क्रमाने घेतली आहेत हे कोणालाही कळेल. यावर उत्तम उपाय म्हणजे किल्ल्याच्या उतारात बसतील असे उथळ ट्रे करावेत, त्यांत एक दिवसाआड अळीव पेरावेत आणि कथेतल्या दिवसाप्रमाणे ट्रे बदलावेत. मावळ्यांच्या जागाही फोटो पाहूनच लावाव्यात. तटावरचा पहारेकरी मावळा अचानक दरवाजात येतो, हे लहान मुलांनाच सर्वांत आधी दिसते.

सेटवर नोंद कशी ठेवावी

कंटिन्युटीचे काम एकाच माणसाकडे द्यावे आणि त्या दिवशी त्याला दुसरे काम सांगू नये. लघुपटात हे काम बहुधा सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडते आणि तोच गर्दी आवरणे, चहा मागवणे हेही करतो. मग नोंदी राहतात. या माणसाने पटकथेची प्रत हाती ठेवून कोणत्या शब्दावर कोणती हालचाल झाली, ते त्या शब्दाशेजारीच लिहावे: ‘तू आधी सांगितलं का नाहीस’ यातल्या ‘आधी’वर तिने डाव्या हाताने कप ठेवला, ‘नाहीस’वर मान वळवली. जुळवायचे ते पहिल्या मान्य टेकशी, आणि दिग्दर्शकाने पुढे दुसरा टेक पसंत केला तर तशी नोंद लगेच करावी.

‘कट’ झाल्यावर कोणीही हलू नये, असा नियम पहिल्याच दिवशी घालावा. त्या काही क्षणांत मॉनिटरवरची चौकट आणि पात्रांचे समोरून, बाजूने व हातांचे फोटो काढून घ्यावेत. फोटोच्या नावात दृश्य, शॉट आणि टेक यांचे क्रमांक असावेत. नुसत्या गॅलरीत साठवलेले शेकडो फोटो ऐन वेळी कामाला येत नाहीत. रेल्वेच्या आवारात चित्रीकरणाची परवानगी घ्यावी लागते आणि वेळही मोजकाच मिळतो, त्यामुळे तिथले फोटो दुप्पट काढावेत. परत जाऊन दुरुस्ती करण्याची संधी सहसा मिळत नाही.

दिशेची रेषा इथेच सांभाळावी. तलावपाळीच्या कट्ट्यावर दोघे शेजारी बसले आहेत आणि मागे तलावात नावा चालल्या आहेत, असे समजा. दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरावी आणि सर्व शॉट्स तिच्या एकाच बाजूने घ्यावेत. कॅमेरा रेषेपलीकडे गेला की डावीकडचा उजवीकडे जातो आणि एकमेकांशी बोलणारी दोन माणसे एकाच दिशेला पाहत असल्यासारखी दिसतात. चालण्यासाठीही असेच: स्टेशनकडून तलावाकडे जाताना नायिका डावीकडून उजवीकडे जात असेल, तर परतीला ती उजवीकडून डावीकडे यावी. हे एवढे जपले की प्रेक्षकाला गाव कळते.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सतत वाजत असतात. एका शॉटमध्ये त्यांचा कल्लोळ आणि दुसऱ्यात शांतता, असे झाले तर संवाद तुटल्यासारखा वाटतो. संवाद शांततेत ध्वनिमुद्रित करावेत आणि फटाक्यांचा थर नंतर सलग घालावा. त्यासाठी खऱ्या दिवाळीत बाल्कनीतून, आवारातून आणि गल्लीतून मिळेल तितका आवाज मुद्रित करून ठेवावा. कथा २०१८ नंतरची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती, हे लक्षात ठेवून पात्रांचे वागणे लिहावे.

संकलनाच्या टेबलावर

पहिली जुळणी झाली की ती तीन वेळा पाहावी. एकदा आवाज बंद करून फक्त हात आणि वस्तू पाहाव्यात. एकदा पात्रांकडे न बघता फक्त मागची बाजू पाहावी: फलक, खांब, झाडे, घड्याळ, भिंतीवरची दिनदर्शिका. आणि एकदा डोळे मिटून नुसते ऐकावे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहणाऱ्याला एकही नीट दिसत नाही.

सापडलेली प्रत्येक चूक दुरुस्त करायचीच असते असे नाही. नायिकेचा सर्वांत उत्कट टेक असेल आणि त्यात कप उजव्या हातात असेल, तर टेक ठेवावा. प्रेक्षक तिच्या डोळ्यांत पाहत असतो, हातात नाही. मात्र तिथीची, विधीची किंवा काळाची चूक कधीही ठेवू नये, कारण ती दिसली की प्रेक्षक कथेतून उठून बाहेर येतो आणि मग डोळ्यांतले काहीही त्याला परत आत नेत नाही. दुरुस्तीचे स्वस्त मार्ग बरेच आहेत. पणतीचा, कंदिलाच्या झुलत्या शेपटीचा किंवा तलावातल्या पाण्याचा शॉट मध्ये घालून उडी झाकता येते. वाक्य चुकले असेल तर पात्राची पाठ दिसत असलेल्या शॉटवर डबिंगमध्ये बदलता येते. चित्र थोडे मोठे करून फलक चौकटीबाहेर काढता येतो. पणती-पाण्याचे असे जोडशॉट दर दिवसाच्या शेवटी मुद्दाम घेऊन ठेवावेत.

चित्रपट पक्का करण्याआधी तो पथकाबाहेरच्या तिघा-चौघांना स्वतंत्रपणे दाखवावा: घरचा फराळ स्वतः करणारी एखादी मावशी किंवा काकू, ठाणे ते नेरूळ रोज प्रवास करणारे कोणी आणि किल्ला बांधणाऱ्या वयाचे एखादे मूल. त्यांना ‘कसा वाटला’ असे विचारू नये. ‘कुठे खटकले’ असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत आपण बोलू नये. मावशी ताटातल्या क्रमाबद्दल बोलेल, प्रवासी फलाटाबद्दल आणि मूल मावळ्याबद्दल. त्यांचे म्हणणे वेळेच्या नोंदीसह लिहून संकलकाकडे द्यावे.

संकलन पूर्ण होऊन डबिंग आटोपेपर्यंत पात्रांचे कपडे धुवायला देऊ नयेत, पणत्या फेकू नयेत, रांगोळीचे डबे आणि कंदील पथकात वाटून टाकू नयेत. सगळे एका खोक्यात, कथेतल्या दिवसांचे क्रमांक लावून, कंटिन्युटीच्या वहीसह एकाच माणसाच्या घरी ठेवावे.